होलोकॉस्ट संग्रहालय: ९ वर्षांची मुलगी, १३ वर्षांचा मुलगा, न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतलं कुटुंब, मुलगा १३ वर्षांचा, मुलगी ९ वर्षांची. एप्रिलच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना घेऊन तीन दिवस वॉशिंग्टन. बघायच्या यादीत होलोकॉस्ट संग्रहालय आहे, म्हणजे हिटलरच्या नाझी राजवटीनं केलेल्या ज्यूंच्या संहाराचं. मुलगा दुसऱ्या महायुद्धाबद्दल सतत काहीतरी वाचत असतो, त्याला जायचंच आहे. मुलगी म्हणते, दादा जाणार तर मीपण. शिवाय पुढच्या उन्हाळ्यात पोलंडचा बेत आहे, तेव्हा तिथल्या आउशविट्झ या नाझी छावणीच्या जागी दोघांना न्यावं का, हेही विचारलंय.

आधी निर्णय, मग कारणं. मुलाला न्या, पण आधी दोन आठवडे तयारी करून, आणि आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाच्या सोबतीनं, दुसऱ्यानं मुलीपाशी राहावं. मुलीला मुख्य प्रदर्शनात नेऊ नका. तिच्यासाठी काय करता येईल ते पुढे सांगितलं आहे. आउशविट्झला मुलगा १४ पूर्ण झाल्यावर. मुलगी त्या खेपेला नाही.

वयाच्या अटी सगळीकडे सारख्या नाहीत, आणि त्याला कारण आहे. वॉशिंग्टनचं संग्रहालय मुख्य प्रदर्शनासाठी ११ आणि पुढे असं सुचवतं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधली होलोकॉस्टची दालनं १४ च्या आतल्यांसाठी सुचवलेली नाहीत. आउशविट्झचं स्मारकही १४ म्हणतं. अॅमस्टरडॅममधलं अॅन फ्रँकचं घर, जिथे ही ज्यू मुलगी नाझींपासून लपून राहून डायरी लिहीत होती, १० म्हणतं, कारण तिथे बघायच्या आहेत त्या मुख्यतः रिकाम्या खोल्या. जेरुसलेमच्या याद वाशेममध्ये १० च्या आतल्या मुलांना इतिहास संग्रहालयात सोडतच नाहीत, तिथे दारावर वाद घालून उपयोग नसतो. बाकी ठिकाणी ही सूचना असते, अंमलबजावणी पालकांवर. म्हणून "कोणी अडवलं नाही" याचा अर्थ "चालतं" असा घेऊ नये. हे आकडे म्हणजे खालची मर्यादा. ११ वा वाढदिवस झाला म्हणून मूल तयार झालं असं होत नाही.

नऊ वर्षांच्या मुलांची अडचण बहुतेकांना वाटते तशी फक्त भीतीची नसते. त्यांचं काळाचं गणित अजून कच्चं असतं. १९४२ म्हणजे आजीच्याही जन्माआधी, हे त्यांना पाठ असतं, पण रात्री अंथरुणात पडल्यावर तो काळ आजचा होतो. मग प्रश्न येतात: ते लोक आपल्याकडे येतील का? आपल्याला पण यादीत टाकतील का? दुसरी गोष्ट, या वयात चित्र आधी डोक्यात घुसतं आणि स्पष्टीकरण मागाहून येतं. प्रेतांच्या ढिगाऱ्याचा फोटो एकदा दिसला की त्याखाली लिहिलेला मजकूर तो पुसू शकत नाही. आणि तिसरी, मुलगी "दादा जाणार तर मीपण" म्हणते आहे. तिला दादाबरोबर असायचंय, तो इतिहास बघायचाय असं नाही.

तेरा वर्षांच्या मुलाचं उलट असतं. रणगाड्यांची नावं, लढायांच्या तारखा, जनरलांचे फोटो, सगळं ठाऊक असतं, आणि त्यामुळे आईबाबांना वाटतं की याला सगळं माहीतच आहे. प्रत्यक्षात युद्धाचं ज्ञान भरपूर आणि होलोकॉस्टचं जवळपास शून्य, अशी अनेक मुलं असतात. गेम्समधून नाझी म्हणजे गोळ्या घालायचे पुतळे एवढंच कळलेलं असतं. फोनवर गॅस चेंबरचे विनोद फिरतात तेही त्यानं पाहिलेले असण्याची शक्यता गृहीत धरा. विचारायचं असेल तर रागावून नको. "असलं काही येतं का रे तुमच्या ग्रुपवर?" इतकं पुरतं.

तयारी आहे की नाही हे घरच्या घरी पडताळता येतं. एखादं फार दुःखद पुस्तक वाचताना तो मध्येच मिटवून ठेवू शकतो का? "हे मला नको" असं मोठ्या माणसाला तोंडावर सांगू शकतो का? हे दुसरं सगळ्यात महत्त्वाचं, कारण आपली मुलं पाहुण्यांसमोर, आजोबांसमोर नको म्हणायला बिचकतात. तासभर उभं राहून वाचू शकतो का? हल्लीच घरात मृत्यू झाला असेल, शाळेत कोणी त्रास देत असेल, नुकतीच शाळा किंवा देश बदलला असेल, झोप बिघडलेली असेल, तर सहा महिने थांबा. संग्रहालय १९९३ पासून आहे, कुठे जात नाही. आणि शाळेत विचारा. न्यू जर्सीत होलोकॉस्टचा विषय शिकवणं १९९४ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. सोशल स्टडीजच्या शिक्षकांना एक ईमेल टाकली की वर्गात कुठवर झालंय ते कळतं.

आता ती इमारत. मुख्य प्रदर्शन तीन मजल्यांवर आहे आणि वरून खाली यायचं असतं. लिफ्टनं चौथ्या मजल्यावर नेतात, तिथे १९३३ ते १९३९, तिसऱ्यावर १९४० ते १९४५, दुसऱ्यावर सुटका आणि नंतरचं. पालकांना वाटतं, सुरुवात सौम्य असेल, हळूहळू वाढत जाईल. तसं नाही. लिफ्टचं दार उघडल्यावर समोर येतो तो एक भिंतभर मोठा फोटो: ओरड्रुफच्या छावणीत जळालेल्या प्रेतांकडे बघत उभे असलेले अमेरिकन सैनिक. म्हणजे अगदी अवघड चित्रांपैकी एक पहिल्याच मिनिटाला. हे मुलाला लिफ्टमध्ये शिरण्याआधी सांगून ठेवा. माहीत असलं की तो सैनिकांच्या चेहऱ्यांकडे आधी बघतो, आणि तिथून सुरुवात करणं बरं.

अतिशय भयानक चित्रफिती, म्हणजे गोळ्या घालून केलेली हत्याकांडं, कैद्यांवरचे वैद्यकीय प्रयोग, अशा गोष्टी कमरेच्या वर येणाऱ्या आडभिंतींच्या मागे खाली दाखवलेल्या असतात, लहान मुलांना दिसू नयेत म्हणून. तेरा वर्षांच्या उंच मुलाला त्या भिंतीवरून सरळ दिसतं, तिथे ती त्याच्या कामाची नाही. त्याला आधीच सांगा: आडभिंत दिसली की मागे काय आहे ते समजून घे, बघायचं की नाही ते तू ठरव, नाही बघितलंस तर काही बुडत नाही. आणि लहान भावंडाला "दिसत नाहीये का?" म्हणून उचलून घेणारे पालक असतात, म्हणून हेही लिहून ठेवतो: उचलू नका.

सुरुवातीला एक ओळखपत्रासारखी पुस्तिका मिळते, त्या काळातल्या एका खऱ्या माणसाची. मजल्यागणिक पुढचं पान वाचायचं, शेवटी तो माणूस वाचला की मारला गेला ते कळतं. मुलाच्या हाती देण्याआधी तुम्ही शेवटचं पान बघून घ्या. त्याच्याच वयाच्या मुलाची पुस्तिका आली तर काही मुलांना ती फार लागते. दुसरी घेता येते. तिसऱ्या मजल्यावर मालगाडीचा डबा आहे, कैदी ज्यातून नेत तशा प्रकारचा. त्यातून चालत जाता येतं, बाजूनंही जाता येतं. मायदानेक छावणीतले हजारो जोडे एका दालनात आहेत, आणि तिथे जुन्या चामड्या-रबराचा वास येतो. अनेक मुलं चित्रांपुढे ठीक असतात आणि या वासापाशी ढासळतात. फोटोत वास नसतो, त्यामुळे याची कोणी तयारी करून घेतलेली नसते. असं झालं तर तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा, मधूनच बाहेर नेण्याची वाट ते दाखवतात.

डेन्मार्कची बोटही बघायला हवी. १९४३ मध्ये डेन्मार्कमधल्या सुमारे ७,२०० ज्यूंना अशाच मासेमारीच्या छोट्या बोटींतून स्वीडनला पोहोचवलं गेलं. थकलेली माणसं तिथपर्यंत येता येता वाचणं सोडून देतात आणि ती बोट नुसती ओलांडून जातात. मुलाची ताकद संपत आली असेल तर मधली चार दालनं गाळा, पण या बोटीपाशी थांबा.

तयारीबद्दल. दोन आठवड्यांत तीन वेळा बसा, दर वेळी अर्धा तास, त्याहून जास्त नको.

पहिल्या वेळी मृत्यूचा विषयच काढायचा नाही. ज्यू माणसं म्हणजे कोण, ते आधी. इथे मराठी घरांना एक सोय आहे, आणि ती फार कमी जण वापरतात. कोकणातले मराठी ज्यू, म्हणजे बेने इस्रायल: अलिबाग, रेवदंडा, पेण, नवगाव या भागात तेलाचा घाणा चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनिवार तेली. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आडनावं, घरात मराठी. त्यांच्यातले बरेचसे पुढे इस्रायलला गेले आणि तिथेही 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढत राहिले. आजी-आजोबा पुण्याचे आहेत, तर त्यांना लाल देऊळ, म्हणजे तिथलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), माहीत असणारच, १८६७ मधलं. त्यांनाच सांगू द्या. युरोपातले ज्यू वेगळे, त्यांची भाषा वेगळी, हे मुलाला कळेलच. पण ज्यू म्हटल्यावर हाडाचा सापळा झालेला कैदी डोळ्यांपुढे यायच्या आधी एखादी रोहेकर आजी डोळ्यांपुढे आलेली बरी.

दुसऱ्या वेळी १९३३ ते १९३९. १ एप्रिल १९३३ ला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार, लगेच सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी, १९३५ चे ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे न्यूरेंबर्ग कायदे, नोव्हेंबर १९३८ मध्ये एका रात्रीत देशभर सिनेगॉग जाळणं. मुलं इथे हमखास विचारतात, मग पळून का नाही गेले? याचं उत्तर अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय मुलाला चटकन समजतं: व्हिसा. जुलै १९३८ मध्ये या निर्वासितांचं काय करायचं ते ठरवायला फ्रान्समधल्या एव्हियांला ३२ देश जमले, आणि जवळपास कोणीच दार उघडलं नाही. १९३९ मध्ये सेंट लुईस जहाज नऊशेच्या वर निर्वासितांना घेऊन क्युबापर्यंत आलं, तिथे अगदी थोडेच उतरू शकले, अमेरिकेनंही उरलेल्यांना घेतलं नाही, आणि ते युरोपला परत गेलं.

याच बैठकीत दुसरा हमखास प्रश्न: ज्यूंनी केलं काय होतं? बऱ्याच घरांत उत्तर मिळतं, "ते खूप श्रीमंत होते, सगळा धंदा त्यांच्या हातात होता, म्हणून." कृपा करून हे म्हणू नका. हा त्या वेळच्या नाझी प्रचाराचाच मजकूर आहे, आपण तो भाबडेपणानं पुढे देतो. १९३३ मध्ये जर्मनीत ज्यू एक टक्क्याहून कमी होते. मारल्या गेलेल्या ६० लाखांपैकी सुमारे ३० लाख पोलंडचे, आणि त्यांत शिंपी, चांभार, छोटे दुकानदार असे हातावर पोट असणारे कितीतरी. सरळ उत्तर एवढंच: काहीही केलं नव्हतं. मारणाऱ्यांनी काय ठरवलं होतं ते समजून घ्यायचं, मारले गेलेल्यांची चूक शोधायची नाही.

तिसऱ्या वेळी शब्द: घेटो (ज्यूंना कोंडून ठेवलेली वस्ती), छावणी, गॅस चेंबर. श्रमछावणी आणि निव्वळ मारण्यासाठी बांधलेलं केंद्र यांत फरक होता, हे सांगा. ट्रेब्लिंकासारख्या ठिकाणी आलेल्यांपैकी बहुतेक जण काही तासांतच मारले जात. इतकं स्पष्ट सांगावं, पण तपशिलात रमू नये. "कल्पना कर, तू त्या डब्यात असतास तर" हा खेळ अजिबात नको. संग्रहालयाचे शिक्षणतज्ज्ञही असल्या नाट्यीकरणाविरुद्ध सल्ला देतात. मुलाला वाटतं, मला कळलं. कळलेलं काहीच नसतं, आणि हळवं मूल उगाच होरपळतं.

स्वस्तिकाचा विषय घरातच उरकून घ्या. प्रदर्शनात ते चिन्ह पावलोपावली आहे, आणि ज्याच्या दारावर, देव्हाऱ्यात, वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक आहे ते मूल भर दालनात मोठ्यानं म्हणणारच, "आई, हे तर आपलं!" नाझी पक्षानं १९२० मध्ये ते पक्षचिन्ह म्हणून घेतलं: लाल झेंड्यावर पांढरं वर्तुळ, त्यात काळं, बहुधा तिरकं उभं केलेलं. आपलं त्याच्या कितीतरी शतकं आधीचं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि तिथे येणाऱ्या कोणाच्या आजीला त्याच झेंड्याखाली मारलेलं असू शकतं, हेही खरं. माझं मत विचाराल तर गळ्यात स्वस्तिकाचं पदक असेल तर त्या दिवशी हॉटेलवर ठेवा. लाज वाटायचं कारण नाही. कोणाच्या दुःखाच्या घरी जाताना आपण कपडेही जरा बघूनच घालतो.

आजी-आजोबांशी वेगळं बोला, मुलांसमोर नको. आपल्याकडे कडक मास्तरांना "हिटलर" म्हणतात, त्याच्या शिस्तीचं कौतुक करणारे लोक आहेत, त्याचं आत्मचरित्र रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवर मिळतं. आजोबांनी प्रदर्शनात मराठीत का होईना "पण देश उभा केला हो त्यानं" म्हटलं, तर मुलगा ते संग्रहालयापेक्षा जास्त लक्षात ठेवेल. दुसरा धोका म्हणजे तुलना: "आपल्याकडे फाळणीत यापेक्षा..." फाळणीबद्दल जरूर बोलावं, आजोबांना काही आठवत असेल तर मुलांनी ऐकावंच. पण त्या दालनात नको, आणि कोणाचं जास्त या स्वरात नको.

दिवसाची आखणी. मुख्य प्रदर्शनाला वेळ ठरवून दिलेलं तिकीट लागतं. ते फुकट असतं, ऑनलाइन घेताना एक डॉलरच्या आसपास शुल्क पडतं, आणि एप्रिलमध्ये चेरी ब्लॉसमची गर्दी असल्यानं वेळा लवकर संपतात. सकाळची वेळ घ्या. नीट वाचणाऱ्या मोठ्या माणसाला दोन ते तीन तास लागतात, मुलासाठी दीड तास पुरे. आदल्या संध्याकाळी लवकर झोप, सकाळी पोटभर नाश्ता, सोबत पाणी. उपाशी पोटी मळमळलं की ते दृश्यांमुळे की भुकेमुळे तेच कळत नाही. त्याच दुपारी विमानांचं संग्रहालय ठेवू नका. टायडल बेसिन हे तळं चालत जाण्याइतकं जवळ आहे, तिथे नुसतं फिरा.

आत गेल्यावर त्याच्या दोन पावलं मागे राहा. तुम्ही समजावत पुढे चाललात की तो तुमच्याकडे बघतो, भिंतीकडे नाही. हसू फुटलं तर दटावू नका. अवघडलेली मुलं हसतात. "भूक लागली" हेही बऱ्याचदा "बास झालं" असतं. निघायचं ठरलं की लगेच निघा, "एवढं आलोय तर शेवटपर्यंत बघू" असं करू नका. सेल्फी नाही, कुटुंबाचा फोटो नाही, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा, आजोबांसह.

मुलीसाठी त्याच इमारतीत 'डॅनियलची गोष्ट' हे मुलांचं प्रदर्शन कित्येक वर्षं ८ वर्षांपुढच्यांसाठी आहे. तेव्हा ते चालू आहे ना, हे तिकिटं काढताना संकेतस्थळावर पाहून घ्या. एका मुलाचं घर, मग घेटो, मग छावणी, अशा क्रमानं ते जातं. भर घरावर, छावणी थोडक्यात. प्रेतांची चित्रं नाहीत. डॅनियल अनेक मुलांच्या खऱ्या अनुभवांवरून रचलेला आहे, एकच खरा मुलगा नव्हे, हे तिला सांगा, नाहीतर ती घरी येऊन त्याला नेटवर शोधते. जवळच अमेरिकन शाळकरी मुलांनी रंगवलेल्या तीन हजारांहून जास्त टाइल्सची भिंत आहे, मारल्या गेलेल्या १५ लाख मुलांच्या आठवणीत. तिला तिथे जितका वेळ थांबायचं तितकं थांबू द्या. दादा वर काय बघतोय, हे तिच्यापासून लपवू नका. "जर्मनीत एक सरकार होतं, त्यानं ज्यू लोकांना शाळेतून काढलं, घरातून काढलं, आणि पुष्कळांना मारलं, मुलांनाही. १९४५ मध्ये ते सरकार हरलं. दादा त्याबद्दल वाचतोय, तू मोठी झालीस की तूही वाचशील." नऊ वर्षांना एवढं पुरतं. तिनं पुढे विचारलं तर विचारलं तेवढंच सांगा.

बाहेर आल्याबरोबर "कसं वाटलं?" विचारू नका, उत्तर "ठीक" येईल. संध्याकाळी, गाडीत किंवा भांडी आवरताना विचारा, "सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबलास?" दोन-तीन रात्री झोप विस्कळीत होणं, चिडचिड, अचानक खूप वाचत सुटणं, हे चालतं. तीन आठवड्यांनंतरही स्वप्नं पडत असतील, शाळेत जायला नको म्हणत असेल, तर शाळेच्या कौन्सेलरला किंवा मुलांच्या डॉक्टरांना सांगा.

पोलंडबद्दल. आउशविट्झ हे संग्रहालय आहे तशीच ती प्रत्यक्ष जागाही आहे, म्हणून तो अनुभव वॉशिंग्टनपेक्षा जड जातो. चौथ्या ब्लॉकमध्ये काचेमागे जवळपास दोन टन मानवी केस आहेत, पाचव्यात सुटकेसा, पांढऱ्या रंगानं नावं आणि जन्मतारखा लिहिलेल्या. तिथे आडभिंती नाहीत. मार्गदर्शकासह साडेतीन तास लागतात, दोन भागांत, मधे सुमारे तीन किलोमीटरची बस. दुसरा भाग, बिर्केनाउ, उघड्या माळासारखा आहे, जुलैत ऊन लागतं आणि सावली जवळपास नाही. वॉशिंग्टननंतर मुलगा कसा राहिला त्यावरून ठरवा. तेव्हा दीड तास नीट बघून, नंतर स्वतःहून बोलला असेल तर १४ पूर्ण झाल्यावर न्या.

मुलगी तोपर्यंत १० ची होईल, तरी नको. क्राकूवपासून आउशविट्झ सुमारे ७० किलोमीटर, म्हणजे एका पालकाचा पूर्ण दिवस जातो. दुसऱ्यानं तिला घेऊन विएलिच्काची मिठाची खाण करावी. प्रवासात अॅमस्टरडॅम येत असेल तर तिला अॅन फ्रँकचं घर मात्र दाखवता येईल. तिथल्या एका भिंतीवर अॅन आणि मार्गो या बहिणींची उंची मोजून केलेल्या पेन्सिलच्या रेघा अजून आहेत. लपून राहिलेल्या दोन वर्षांत मुली वाढत होत्या, हे दहा वर्षांच्या मुलीला कोणी समजावून सांगावं लागत नाही, तिच्याही घरी दाराच्या चौकटीवर बहुधा तशा रेघा असतात. जिने खूप उभे आहेत, आजी-आजोबांना जमेल का ते बघा. तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि उन्हाळ्यात पटकन संपतात. आउशविट्झचा प्रवेशही नावानिशी असतो, तेव्हा पासपोर्टवरचंच स्पेलिंग भरा, मूळ पासपोर्ट सोबत न्या, आणि मोठी पाठपिशवी आत सोडत नाहीत, ती क्राकूवलाच ठेवा.